राजकन्येची संमती



आपण बौद्ध झालो म्हणजे आपल्या घरची कन्या आपोआप स्वतंत्र झाली, असा समज कोणी करून घेऊ नये. ब्रह्मदेश व सयाम येथील राजे शतकानुशतके बौद्धच होते. त्यांनी स्तूप उभारले, भिक्षुसंघास दाने दिली. परंतु तह करताना हत्तींबरोबर कन्याही दिल्या.

पेगूची राजकन्या शिन सॉबू १४२३ साली अशाच तहापायी आवाच्या राजाला दिली गेली. काही वर्षांनी दोन मोन भिक्षूंच्या साहाय्याने ती तेथून निसटली व पुढे पेगूच्या सिंहासनावर स्वतःच्या अधिकाराने बसली. तिने स्वतःच्या वजनाइतके सोने रंगूनच्या श्वेडगॉनला अर्पण केले, असे परंपरा सांगते. पण वारस ठरविताना तिनेही, चीवर उतरवून गृहस्थ झालेल्या धम्मचेतीला आपली कन्या दिली. जिने रूढी सोसली, तिच्याच हातून ती पुढे चालली!

सोळाव्या शतकात अयुथ्येची राजकन्या थेपकसात्री लाओसच्या राजाकडे विवाहासाठी निघाली असता बयिन्नौंगच्या लोकांनी तिला वाटेतच पकडून नेले. सुफनकल्या त्याच बयिन्नौंगच्या अंतःपुरात गेली आणि १५७१ साली तिचा भाऊ नरेसुआन मायदेशी परतला. बखरींत भावाचा पराक्रम आहे. बहिणीचे मन नाही. राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत रूढ असलेल्या बहुपत्नीत्वास सयामच्या कायद्याने १९३५ साली मान्यता नाकारली.

आपल्याकडे १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी हयात असता, घटस्फोट न होता केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो. वधूचे वय १८ व वराचे २१ पूर्ण असले पाहिजे. बळाने किंवा फसवून संमती घेतली असेल, तर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेता येतो. मात्र बळ थांबल्यापासून वा फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिल्यास तो हक्क जातो. हे मुलींना आधीच सांगून ठेवा. हुंडा घेणे व देणे हे दोन्ही १९६१ पासून गुन्हे आहेत.

परंतु कायदा घरात येऊन बसत नाही. जमीन, नोकरी, जुने नाते यांसाठी सोयरीक जुळवाल, तर तोही एक तहच होय. बोलणी पक्की करण्यापूर्वी मुलीला एकांतात विचारा, आणि ती 'नाही' म्हणाली तर ते ऐका. पंचशील घेतलेल्या घराची ही पहिली खूण असावी.

जय भीम!