केळ्यावरची चिलटं आणि मेंदूची मुलाखत

(ताडकळस येथे बारावी व बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक्रमाला निवड झालेली मुलगी म्हणून तुम्ही मला बोलावलंत. त्याआधी मी नीटमध्ये दोनदा आपटलेली मुलगी होते. लातूरच्या क्लाससाठी अब्बांनी उसने पैसे घेतले होते. मी परभणीला बीएस्सीला नाव घातलं तेव्हा आठवडाभर घरात कुणी धड बोललं नाही. आपल्याकडे बायोलॉजी घेतली की डॉक्टर, नाही जमलं तर बीएड. मधलं काही मला ठाऊकच नव्हतं.

मधलं बरंच आहे. मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. पूर्ण्याहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून पुढे. बंगळुरूला निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था, कुलाब्याला टीआयएफआर, पुण्याला आयसर. एमएस्सीसाठी गॅट-बी, जॅम अशा परीक्षा. पीएचडीसाठी जेजीबिल्स किंवा नेट. जेजीबिल्सचे जुने पेपर टीआयएफआरच्या साइटवर फुकट मिळतात. ते उघडलेत तर नवल वाटेल. त्यात बरेच प्रश्न अकरावी-बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणिताचे, आणि आलेख वाचून उत्तर काढायचे. पाठांतरवाले तिथे अडकतात. आणि गणित, भौतिक किंवा मानसशास्त्रवाल्यांनो, तुम्हीही बाहेर नाही. मेंदूविज्ञानाच्या पीएचडीला ही मंडळी चालतात, इंजिनिअरही चालतात.

पैशांचं सांगते, कारण अब्बांचा पहिला प्रश्न तोच होता. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. तिचा आधार धरून बसलेल्यांना फटका बसला, आणि तो राग खरा आहे. पण नेट-जेआरएफ सगळ्यांसाठी आहे, 2023 पासून महिना 37,000 रुपये. आकडा ऐकून अब्बांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं, "फी भरायची नाही, उलट तेच देतात?"

आता मुलाखत. पहिल्या वर्षी लेखी परीक्षा निघाली आणि मुलाखतीत मी पडले. शांत असलेल्या चेतापेशीत आतला विद्युतदाब किती, असं विचारलं. मी टणकन सांगितलं, उणे सत्तर मिलिव्होल्ट. पुढचा प्रश्न आला, पेशीबाहेर पोटॅशियम वाढवलं तर? मी गप्प. उत्तर अवघड नाही: बाहेरच पोटॅशियम जास्त झालं की आतल्याची बाहेर पडायची ओढ कमी होते, म्हणून आतला ऋण दाब शून्याकडे सरकतो. ते 'का' मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. घरी दखनी, शाळेत मराठी, परीक्षेत इंग्रजी. मी दोष इंग्रजीला दिला. पण तोच प्रश्न कुणी दखनीत विचारला असता तरी मी गप्पच बसले असते.

परत आल्यावर ओबैद सिद्दीकींबद्दल वाचलं. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले. होमी भाभांनी त्यांना बोलावलं आणि 1962 मध्ये त्यांनी टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. बंगळुरूचं एनसीबीएसही त्यांनीच घडवलं. सत्तरच्या दशकात सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, ज्या ऊब वाढली की लुळ्या पडतात आणि गार केलं की पुन्हा उठतात. एका जनुकातल्या बिघाडाने चेतातंतूंचे संदेश थांबतात, हे त्यातून उलगडत गेलं. पुढे वेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीसोबत त्यांनी वास आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधल्या. या माश्या म्हणजे ड्रोसोफिला, आपली पिकल्या केळ्यावरची चिलटं. (कृषीवाले पेरू-आंब्यावरची जिला फळमाशी म्हणतात ती वेगळी, शेतकऱ्यांच्या पोरांनी माझी चूक काढू नये.)

मग मी लोणच्याच्या बरणीत केळं ठेवून चिलटं धरली. बरणी टेबलावर आपटली की ती खाली पडतात आणि परत वर चढतात. दहा सेकंदांत किती चढली ते वहीत लिहायचं. मे महिना होता. सकाळी बरीच चढायची, दुपारी फार थोडी. दादी म्हणाली, "पोरगी चिलटं मोजायला लागली, आता हिचं कसं व्हायचं."

दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या संस्थेत, मी ही वही घेऊन गेले. एका प्राध्यापिकेने विचारलं, "उन्हामुळे चढत नाहीत की दुपार झाली म्हणून? तुला कसं कळलं?" मला कळलंच नव्हतं. तसं सांगितलं. मग म्हटलं, दुपारी एक बरणी माठाजवळ गार जागी ठेवीन, एक पत्र्याखाली. गारव्यातली चढली तर कारण ऊन, दोन्ही सुस्त राहिली तर वेळ. "आणि तापवल्यावर ती मेलीच असतील तर?" संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा मोजीन, म्हटलं. पुढचा अर्धा तास फक्त बरणीवर गेला. टक्के कुणी विचारले नाहीत. मोडक्या इंग्रजीत बोलले, दोनदा हिंदीत घसरले, त्यांनी चालवून घेतलं.

निवडीचा मेल आला तेव्हा अम्मीने पहिलं विचारलं, तिथे होस्टेल आहे का. आहे. हे मागच्या रांगेतल्या मुलींसाठी सांगतेय, कारण घरातून नकार बहुतेकदा या एका प्रश्नावर येतो. होस्टेलची माहिती, तिथल्या एखाद्या सिनिअर मुलीचा नंबर, गाडीचं वेळापत्रक, हे अर्ज भरायच्या आधी गोळा करा आणि अम्मीसमोर ठेवा.

जेजीबिल्सच्या जुन्या पेपरांच्या दहा प्रती आणल्यात, त्या टेबलावर आहेत. चिलटं कुठून आणायची, असं आत्ताच एकाने विचारलं. बाजारच्या दिवशी संध्याकाळी फळवाल्याकडे काळी पडलेली केळी मागा. मला तरी कुणी पैसे घेतले नाहीत.