उणे दोन अंशांतले मासे

समुद्राचे पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठत नाही. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असल्यामुळे त्याचा गोठणबिंदू उणे १.९ अंशांपर्यंत खाली जातो. कुल्फीच्या पिंपात बर्फाबरोबर खडे मीठ टाकतात ते याच गुणामुळे. मिठाने बर्फ वितळू लागतो, वितळलेले खारे पाणी शून्याच्या खाली उतरते आणि मधल्या साच्यातले दूध आळून घट्ट होते. दक्षिण ध्रुवाभोवतीचा समुद्र हे असेच एक अवाढव्य पिंप आहे आणि साच्यातल्या दुधाच्या जागी तिथे मासे आहेत.

सांगाड्यात हाडे असलेल्या बहुतेक सागरी माशांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात. असे रक्त उणे ०.७ ते उणे ०.८ अंशाला गोठते. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीत पाण्याचे तापमान जवळजवळ बारा महिने उणे १.९ अंशांच्या आसपास असते. म्हणजे सर्वसाधारण माशाचे रक्त जिथे गोठायला हवे, त्याहून हे पाणी एका अंशाने अधिक थंड. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तो सोसणाऱ्या खान्देशी माणसाला एका अंशाचा फरक किरकोळ वाटेल. पण हा अंश पाणी आणि बर्फ यांच्या सीमेवरचा आहे. शरीरात बर्फाचा एक स्फटिक तयार झाला की भोवतालचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते. उरलेल्या द्रवात क्षार दाटतात, पेशींची आवरणे फाटतात आणि मासा काही क्षणांत कडक होऊन मरतो. तरीही मॅकमर्डोच्या बर्फाखाली मासे पोहतात, शिकार करतात, अंडी घालतात.

या कोड्याचा पहिला धागा उत्तरेकडच्या समुद्रात मिळाला. पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या हेब्रॉन फ्योर्डमधल्या माशांवरचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. तळाशी राहणाऱ्या माशांचे रक्त गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूपच होते. पाणी गोठायला सुरुवातीचा एक स्फटिक, बर्फाचे बी, लागते. खोलवर बर्फ नसतो, म्हणून ते बी शरीरात शिरत नाही. असा मासा बर्फाच्या तुकड्याशी टेकवला की तत्काळ गोठून मरे. पृष्ठभागाजवळ, बर्फाच्या सान्निध्यात हिवाळा काढणाऱ्या माशांना मात्र काही होत नसे. त्यांच्या रक्तात क्षारांखेरीज आणखी काहीतरी होते, आणि ते काय हे शोलँडर यांच्या चमूला सांगता आले नाही.

त्याचा उलगडा आर्थर डेव्हरिस यांनी केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा हा तरुण संशोधक १९६० च्या दशकात मॅकमर्डोला गेला आणि बर्फाला भोके पाडून मासे पकडू लागला. १९६९ मध्ये डेव्हरिस आणि डोनाल्ड वोलश्लाग यांनी दाखवून दिले की या माशांच्या रक्तात साखरेचे रेणू जोडलेली प्रथिने असून गोठण्याला तीच आवर घालतात. त्यांची रचना चकित करण्याइतकी साधी आहे. ॲलानिन, ॲलानिन, थ्रिओनिन ही तीन अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येक थ्रिओनिनला दोन शर्करांची जोडी लटकलेली असते. काही जातींत दर १०० मिलिलिटर रक्तात ही प्रथिने ३ ग्रॅमच्या आसपास असतात.

मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते ते विरघळलेल्या कणांच्या संख्येच्या जोरावर. प्रथिनाचे रेणू मोठे आणि संख्येने थोडे असतात. त्या हिशेबाने त्यांचा परिणाम नगण्य असायला हवा. प्रत्यक्षात तो अपेक्षेच्या शेकडो पट असतो. याचे स्पष्टीकरण जेम्स रेमंड आणि डेव्हरिस यांनी १९७७ मध्ये मांडले. हे रेणू बर्फाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला जागोजाग चिकटतात. स्फटिकाला वाढायचे तर दोन रेणूंमधल्या फटींतून फुगवटे काढत वाढावे लागते, आणि असा वक्र पृष्ठभाग टिकायला आणखी थंडी लागते. तेवढी थंडी समुद्रात नसते, कारण त्याआधी समुद्रच गोठतो. यातला बारकावा महत्त्वाचा आहे. माशाच्या अंगात बर्फ शिरतोच. प्रथिने फक्त त्याला वाढू देत नाहीत.

बर्फाला वाटाही भरपूर असतात. सागरी मासे सतत समुद्राचे पाणी पितात, त्यामुळे बारीक स्फटिक थेट आतड्यात पोहोचतात. कल्ले आणि त्वचेवरची इजा याही वाटा आहेतच. ही प्रथिने यकृतात तयार होतात असा बराच काळ समज होता. २००६ मध्ये असे आढळले की अंटार्क्टिक माशांत ती मुख्यतः स्वादुपिंडात तयार होतात, पाचकरसाबरोबर आतड्यात सोडली जातात आणि तिथून रक्तात जातात. पहारा दारावरच आहे. यातल्या अनेक माशांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छच नसतात, त्यामुळे छोट्या आकाराची प्रथिनेही मूत्रावाटे वाया जात नाहीत. जे स्फटिक तरीही आत येतात ते प्लीहेत साठतात. मग उन्हाळ्यात पाणी किंचित तापले की ते वितळत असतील, असे कोणीही म्हणेल. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार स्फटिकाला चिकटलेली प्रथिने जशी त्याला वाढू देत नाहीत तशीच सहजी वितळूही देत नाहीत. संरक्षणाची ही किंमत मासे कदाचित जन्मभर अंगात वागवतात.

हे प्रथिन आले कुठून, याचे उत्तर १९९७ मध्ये लिआंगबिआओ चेन, डेव्हरिस आणि ची-हिंग क्रिस्टिना चेंग यांनी दिले. स्वादुपिंडात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनचे पूर्वरूप बनवणारे एक जनुक असते. त्याच्या जादा प्रतीतला छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला गेला, मूळ पाचक भाग गळून पडला आणि गोठणरोधक प्रथिन तयार झाले. पाचकरसाच्या जनुकातून निघालेले प्रथिन आजही पाचकरसाबरोबरच बाहेर पडावे, यात तर्काची साखळी पुरी होते. हा बदल घडला तो अंटार्क्टिका एकाकी पडत असतानाच्या दीर्घ काळात. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीपर्यंत दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया त्याच्यापासून दूर सरकले होते. खंडाभोवती फिरणाऱ्या सागरी प्रवाहाने उत्तरेचे ऊबदार पाणी अडवले आणि समुद्र थंड होत गेला. जनुकाच्या नेमक्या वयाबाबत अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. आधीचे बहुतेक मासे नाहीसे झाले; तळाशी राहणाऱ्या एका कुळाच्या वंशजांनी, नोटोथेनिऑइड गटाने, मोकळी झालेली जागा व्यापली. खंडालगतच्या उथळ समुद्रात आज माशांच्या एकूण वजनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा याच गटाचा आहे.

उत्तर ध्रुवाकडचा ध्रुवीय कॉड हा मासा या गटाचा दूरचाच नातेवाईक. त्याच्या रक्तातही जवळपास हुबेहूब तेच प्रथिन आहे, पण त्याचा उगम ट्रिप्सिनशी संबंधित नाही; ज्या डीएनएतून कोणतेच प्रथिन बनत नव्हते अशा भागातून ते घडले, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. इतर उत्तरी माशांत आणखी तीन-चार वेगळ्या घडणीची गोठणरोधक प्रथिने सापडतात. विंटर फ्लाउंडर हा चपटा मासा तर ती ऋतूप्रमाणे बनवतो, हिवाळ्याच्या तोंडाला वाढवतो आणि वसंतात थांबवतो. ग्रीनलँड शार्कला यातले काहीच लागत नाही. त्याच्या शरीरात युरिया इतका असतो की एकूण विरघळलेले पदार्थ समुद्राइतकेच भरतात.

गोठण्याचे संकट आणणारी थंडी दुसऱ्या हाताने देतेही. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. शून्य अंशाला गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५. गिरणा आणि पांझरा उन्हाळ्यात जागोजाग तुटतात, पाणी उरते ते डोहांत, आणि तापलेल्या, कुजत्या डोहात प्राणवायू याहूनही कमी असतो. तिथे टिकतात ते हवा घेणारे मासे. मरळीच्या कल्ल्यांवर हवेची पोकळी असते, मागूराच्या कल्ल्यांशी झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो, शिंगीच्या पाठीलगत लांब पिशव्या असतात. मरळ ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते. तिला पाण्याखालीच अडकवून ठेवले तर मासा असूनही ती गुदमरते. खान्देशातल्या डोहाने माशाला जादा अवयव घ्यायला लावला, तर अंटार्क्टिकाच्या समुद्राने हातचे टाकून दिले तरी चालवून घेतले.

टाकून दिले ते थेट हीमोग्लोबिन. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या नॉर्वेच्या खलाशांत बिनरक्ताच्या माशाची बोलवा होती. दिट्लेफ रुस्ताद यांना १९२७ मध्ये बूवे बेटाजवळ असा मासा प्रत्यक्ष मिळाला आणि योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्याच्या रक्ताचे विश्लेषण प्रसिद्ध केले. नोटोथेनिऑइड गटातल्याच या बर्फमाशांच्या सुमारे १६ जाती आहेत. अंगावर खवले नाहीत, रक्त पाण्यासारखे नितळ, कल्ले दुधाळ पांढरे. बाजारात कल्ल्याचे झाकण उचलून लाल रंगावरून मासा ताजा आहे का ते पाहतात. बर्फमासा त्या परीक्षेत जिवंतपणीच नापास होईल. कण्याच्या प्राण्यांत प्रौढपणीही हीमोग्लोबिनशिवाय जगणारे हे विरळ कुळ. त्याची बीटा-ग्लोबिन जनुके नाहीशी झाली असून आल्फा-ग्लोबिनचा मोडका अवशेष तेवढा उरला आहे. प्राणवायू नुसता रक्तद्रवात विरघळून वाहिला जातो, त्यामुळे या रक्ताची क्षमता लाल रक्ताच्या भाईबंदांच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. भरपाई म्हणून हृदय मोठे, रक्तवाहिन्या रुंद आणि रक्ताचे प्रमाण कित्येक पट. काही जातींच्या हृदयातून तर मायोग्लोबिनही गेले आहे.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनी यावर थोडे थांबायला हवे, कारण वर्गात प्रत्येक गुणधर्म फायद्याचा म्हणून शिकवण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. लाल पेशी नसल्या की थंडीत दाट होणारे रक्त पातळ राहते आणि हृदयाचे श्रम वाचतात, असे जुने स्पष्टीकरण होते. मोजमापे उलट सांगतात: एवढे रक्त ढकलायला या माशांच्या हृदयाला लाल रक्ताच्या भाईबंदांपेक्षा जास्त शक्ती खर्चावी लागते. व्यवहार तोट्याचाच दिसतो. प्राणवायूने भरलेल्या, स्पर्धक थोडे असलेल्या समुद्राने तो निभावून नेला, इतकेच. ऊबदार पाण्यात असा अपघात पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलाच नसता. हे मासे दुबळे आहेत असे मात्र नव्हे. २०२१ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन संशोधन जहाजाला वेडेल समुद्राच्या तळाशी बर्फमाशांच्या घरट्यांची प्रचंड वसाहत आढळली. अंदाजे २४० चौरस किलोमीटरवर सहा कोटी घरटी, आणि बहुतेकांवर राखण करणारा एकेक मासा.

नोटोथेनिऑइड गटाच्या पूर्वजांनी वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, आधीच गमावलेली होती. पुढे काही जाती तळ सोडून मधल्या पाण्यात आल्या तेव्हा ती परत आली नाही. अंटार्क्टिक सिल्व्हरफिश या लहान माशाने अंगात चरबीच्या पिशव्या साठवल्या. शंभर किलोंपलीकडे वाढणाऱ्या अंटार्क्टिक टूथफिशने चरबीबरोबर हाडांतले खनिजही कमी केले. पेशींच्या पातळीवरही बदल आहेत. आवरणांतली मेदाम्ले असंतृप्त असल्याने ती थंडीत थिजत नाहीत.

थंडीशी इतकी जुळवणूक झाली की उष्णतेची बाजू उघडी पडली. जॉर्ज सोमेरो आणि डेव्हरिस यांनी १९६७ मध्ये दाखवले की याच गटातल्या ट्रेमॅटोमस प्रजातीचे मासे अधिक ६ अंशांच्या आसपास मरतात. तापमान अचानक वाढले की बहुतेक सजीवांच्या पेशी काही संरक्षक प्रथिने झटकन तयार करतात. ट्रेमॅटोमस बर्नाकिआयमध्ये ही क्षमता उरलेली नाही, असे २००० मध्ये आढळले. काही जातींना काही आठवडे ४ अंशांवर ठेवले तर थोडी सवय होते, पण पल्ला फार वाढत नाही. आपल्या फ्रिजमधले पाणी या माशांना प्राणघातक ठरण्याच्या जवळपास असते.

भारताचा या समुद्रांशी संबंध मराठी-कोकणी किनाऱ्यावरून सुरू होतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञच होते आणि त्यांचे सुरुवातीचे संशोधन माशांवरचे होते. पुढे दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि २०१२ मध्ये भारती ही केंद्रे उभी राहिली. यातल्या मैत्री आणि भारतीची व्यवस्था आज गोव्यातल्याच वास्कोतले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. याच संस्थेचे हिमाद्री हे केंद्र २००८ पासून उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डमध्ये आहे आणि २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात इंडआर्क ही नांगरलेली वेधयंत्रणा सोडण्यात आली. तिथे अटलांटिकचे ऊबदार पाणी वाढत्या प्रमाणात शिरत आहे, आणि २००६ नंतरच्या बहुतेक हिवाळ्यांत फ्योर्ड पूर्वीसारखा गोठलेला नाही. ध्रुवीय कॉडची अंडी बर्फाच्या खालच्या अंगाला तरंगत वाढतात आणि तीन-चार अंशांवर भ्रूण तग धरत नाहीत. त्याच पाण्यात आता दक्षिणेकडचा अटलांटिक कॉड येऊ लागला आहे. तो आकाराने मोठा आहे आणि ध्रुवीय कॉडला खातोही.