कोयनेच्या कातळाखाली

सातारा-सांगलीतील आपले कार्यकर्ते मोबाईलवर विज्ञान-इतिहासातील नवलाच्या गोष्टी एकमेकांना नित्य धाडत असतात. मला हा छंद मनापासून आवडतो. लोकशिक्षणाचे इतके स्वस्त साधन चळवळीला पूर्वी कधी लाभले नव्हते. परंतु कोयनेचेच पाहा. कोयना खोऱ्यातील गोठणे येथे 2017 सालापर्यंत 3 किलोमीटर खोल विंधन घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ संपला आणि खाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट लागला! हे अद्भुत अवश्य धाडावे. मात्र विंधन कशासाठी घेतले, हेही त्याच संदेशात यावे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर कोसळले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयाचे पाणी खोल झिरपते, भेगांतील दाब वाढतो आणि मुळातच ताणलेला खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याचाच हा शोध आहे. याउलट ‘अमुक रात्री भूकंप होणार’ ही आवई कोणी तपासत नाही. तारीख-वेळ सांगणारे शास्त्र आजही उपलब्ध नाही. असली आवई आली की पाटणच्या डोंगरातली म्हातारी नातवंडांना घेऊन थंडीत अंगणात बसते. धाडणारा तेव्हा सांगलीत निवांत झोपलेला असतो.