ठोसे मारायचे, खायचे नाहीत



मुष्टियुद्ध आणि कंपवात हे दोन शब्द एकत्र आले की मोहम्मद अली आठवतो. १९८४ साली त्याला पार्किन्सन्सचं, म्हणजेच कंपवाताचं, निदान झालं, आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात साऱ्या जगानं पाहिला. तेव्हा कंपवाताच्या रुग्णांना मुष्टियुद्ध शिकवतात असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा दचकणारच. पण शिकवतात. इथे ठोसे फक्त मारायचे असतात, खायचे नसतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो. टांगलेली जड पंचिंग बॅग असते, नाहीतर प्रशिक्षकानं हातात धरलेले पॅड.

याची सुरुवात अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात झाली. स्कॉट न्यूमन हे तिथले माजी सरकारी वकील. ऐन चाळिशीत त्यांना या आजारानं गाठलं. त्यांचा एक मित्र पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेला होता. त्याच्या आग्रहानं न्यूमन यांनी हातमोजे चढवले, सराव सुरू केला आणि अंगात फरक जाणवू लागला. २००६ मध्ये त्यातूनच ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ ही संस्था उभी राहिली. क्रिस्टी रोझ फॉलमर ही व्यावसायिक मुष्टियोद्धा तिथली पहिली प्रशिक्षक. आज जगभर अनेक देशांत असे वर्ग चालतात.

आता हे उपयोगी का पडतं, ते पाहू. मेंदूच्या आतल्या एका लहानशा काळसर भागात डोपामीन बनवणाऱ्या पेशी असतात. कंपवातात त्या हळूहळू नष्ट होतात. लोकांच्या नजरेत भरते ती थरथर. पण माणसाला जास्त जाचतं ते दुसरंच: सगळं लहान होत जातं. पावलं आखूड पडतात, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो, चालताना एक हात झुलायचा थांबतो. आणि रुग्णाला ते स्वतःला कळत नाही! आपण नेहमीसारखंच बोलतोय असं त्याला वाटतं आणि घरचे म्हणतात, ‘जरा मोठ्यानं बोला ना.’

मुष्टियुद्धाची मागणी नेमकी याच्या उलट आहे. ठोसा मारायचा तर हात खांद्यापासून पुरता सुटावा लागतो, कंबर वळावी लागते, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर यावं लागतं. अर्धवट ठोशानं बॅग हलतसुद्धा नाही, त्यामुळे आपली हालचाल लहान पडली हे तिथल्या तिथे समजतं.

प्रत्येक ठोशाला आकडा असतो. डाव्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे एक, उजव्याचा म्हणजे दोन. प्रशिक्षक ओरडतात, ‘एक-दोन! एक-एक-दोन!’ आणि मारणाऱ्यानंही आकडे ओरडायचे असतात. आपोआप होणाऱ्या हालचालींची मेंदूतली वाट या आजारात बिघडलेली असते. बाहेरून आवाजाची किंवा नजरेची खूण मिळाली की हालचाल दुसऱ्या वाटेनं होऊ शकते. उंबऱ्याशी पाय खिळलेला माणूस शेजारच्यानं ‘एक, दोन’ म्हटलं की पाऊल उचलतो, ते यामुळेच. शिवाय ओरडण्यानं आवाजाचा व्यायाम होतो तो वेगळाच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ठोशांच्या आधीची तयारी. हातमोजे घालण्यापूर्वी कापडाची काही मीटर लांब पट्टी हाताला गुंडाळायची असते: अंगठ्यात अडकवायची, मनगटाला वेढे द्यायचे, मग मुठीवरून, मग बोटांच्या मधून. सदऱ्याचं बटण लावताना घामाघूम होणारा माणूस हे काम करत बसतो. वेळ लागतो. लागू देतात. कुणी पुढे होऊन पट्टी हिसकावून घेत नाही.

आपल्या घरांमध्ये नेमकं इथेच चुकतं, असं मला मनापासून वाटतं. ‘राहू द्या बाबा, मी करते’ म्हणत आपण हातातला कप घेतो, चपला पायात घालून देतो. त्यात माया असते, पण त्या मायेपायी माणसाचं उरलंसुरलं कामही काढून घेतलं जातं. या वर्गात त्याच्याकडून काहीतरी मागितलं जातं. जमिनीवर झोपून पुन्हा उठायलासुद्धा लावतात, कारण या आजारात माणूस कधी ना कधी पडतो आणि पडल्यावर उठायचं कसं हे अंगवळणी असलेलं बरं.

हा रामबाण उपाय मात्र नव्हे. गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. इंडियानापोलिसच्याच विद्यापीठातल्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी बॉक्सिंगची तुलना नेहमीच्या सामूहिक व्यायामाशी केली, तेव्हा सुधारणा दोन्ही गटांत दिसली. म्हणजे जवळपास असा वर्ग नसेल तर हळहळण्याचं कारण नाही. आपल्या पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवला आहे. ताल, मोठ्या हालचाली आणि सोबतीला आपल्यासारखीच माणसं, हे सगळं तिथेही आहे.

घरात कुणाला हा आजार असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला आणि भौतिकोपचार तज्ज्ञांकडून व्यायाम नीट शिकून घ्या. हृदयाचा त्रास, ठिसूळ हाडं, उभं राहिल्यावर येणारी चक्कर, यांतलं काही असेल तर ते आवर्जून सांगा. गोळीचा असर चांगला असतो ती वेळ व्यायामाला ठेवा. तोल जात असेल तर मागे एक माणूस उभा हवाच. आणि आकडे मोजायचे असतील, तर ते त्यांचे त्यांना मोजू द्या, खणखणीत आवाजात.