कर कंपनीवर, भार कुणावर?

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

लोहाऱ्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात लेकरांना पदवीपर्यंत शिकवायला काय लागतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून आज मी पैशाविषयीच बोलणार आहे. कंपनीवर लावलेला आयकर शेवटी कोण भरतं?

कायदा म्हणतो, कंपनी. पण कंपनीला स्वतःचं पोट नाही आणि संसारही नाही. तिच्या नावे भरलेला प्रत्येक रुपया कुणातरी माणसाच्या वाट्यातूनच जातो. भागधारकाचा लाभांश घटतो, कामगाराची पगारवाढ अडते, गिऱ्हाइकाला माल महाग पडतो, नाहीतर कच्चा माल देणाऱ्याचा भाव उतरतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण उसाचं आहे; सहकारी कारखाना कंपनी नसला तरी प्रश्न तोच. सहकारी साखर कारखाने पहिली उचल देत आणि हंगाम संपल्यावर हिशेब पाहून अंतिम दर ठरवत. आयकर खात्याचं म्हणणं असं, की केंद्राने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा. त्यावर कर भरा. कारखाने म्हणत, हा कच्च्या मालाचा भाव आहे, म्हणजे खर्च आहे. वर्षानुवर्षं हा वाद चालला. ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या रकमेत नफावाटप किती आणि भाव किती हे वेगळं काढा. नफावाटपाचा भाग खर्च धरता येणार नाही. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरण्याची तरतूद १ एप्रिल २०१६ पासून लागू झालीच होती. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ही तरतूद लागू होण्याआधीच्या वर्षांनाही सवलत दिली. तिची किंमत अर्थमंत्र्यांनी सुमारे १०,००० कोटी रुपये सांगितली.

ही वसुली झाली असती तर ती कुणी सोसली असती? साखरेचा भाव बाजार ठरवतो, बँकेचं व्याज करारात बांधलेलं असतं. उरतो तो शेतकरी. तोडलेला ऊस घरात ठेवता येत नाही. दिवसागणिक वजन आणि उतारा घटतो. जमीन उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. कराचं बिल कारखान्याच्या नावे निघालं असतं, पण त्याची झळ बऱ्याच अंशी पुढच्या हंगामाच्या ऊसबिलाला बसली असती.

इथेच या विषयाचं मर्म आहे. ज्याला निसटता येतं तो भार पुढे ढकलतो. ज्याला हलता येत नाही त्याच्यावर तो येऊन बसतो. १९६२ मध्ये अर्थतज्ज्ञ अर्नोल्ड हार्बर्गर यांनी मांडणी केली, की हा भार मुख्यतः भांडवलावर पडतो. पुढे भांडवल देशोदेशी फिरू लागलं. जर्मनीतल्या स्थानिक व्यवसायकराचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तिथे जवळपास निम्मा भार कामगारांच्या वेतनावर पडला आणि तरुण, स्त्रिया, कमी कौशल्याचे कामगार यांना तो जास्त जाणवला.

करकपातीलाही हाच प्रश्न विचारा. २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात कंपनीकर २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के. सरकारने वर्षाला १.४५ लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं. शेअर बाजार त्याच दिवशी उसळला. पगारात किंवा वस्तूंच्या किमतीत त्यातलं किती उतरलं, हे मात्र असं एका दिवसात दिसत नाही; ते चिकाटीने शोधावं लागतं.

याचा अर्थ कर नकोत असा मुळीच नाही. १९९३ च्या भूकंपानंतर इथलं सास्तूर आणि आसपासची गावं पुन्हा उभी राहिली ती सार्वजनिक पैशावर. कर हवेतच, पण ज्याच्यावर कर लावला, भार त्याच्यावरच राहतो का, हे तपासणारी माणसंही हवीत.

ती माणसं तुम्ही व्हा. तुमच्यातलं कुणी लेखापरीक्षक होईल, कुणी कर अधिकारी, कुणी कारखान्याच्या संचालक मंडळावर बसेल, कुणी शेती करेल. समोर करवाढ येवो की करमाफी, ती कुणाच्या नावावर आहे एवढंच वाचून थांबू नका. ती कुणाच्या घरात पोहोचते तिथपर्यंत हिशेब न्या आणि तो आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांचं हे देणं आहे. ते तुम्ही फेडाल याची मला खात्री आहे.