आधी बाळाला हातात घ्या
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडे बाळ झाल्याची बातमी कशी येते? मुलगा की मुलगी, वजन किती, बाळ-बाळंतीण सुखरूप ना, आणि मग पेढे की बर्फी. माझ्या धाकट्याच्या वेळी, २००१ साली, यातलं काहीच झालं नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी बाळाच्या तळहातावरची रेघ पाहिली, डोळ्यांची ठेवण पाहिली आणि माझ्या कॉटशेजारी उभं राहून सिस्टरना म्हणाले, "मंगोल बेबी आहे." मला काहीच सांगितलं नाही. मिस्टर नोकरीला चर्चगेटला. विरार गाडीच्या गर्दीतून ते वसईला उतरेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. तोवर तो शब्द मी एकटीच धरून बसले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं तो १९६५ सालीच टाकून दिला होता, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं.

आता आमच्या भागात असं बाळ जन्माला आलं की कधी एखादी सिस्टर, कधी अंगणवाडीताई मला निरोप देते. मी जाते. गेल्यावर आधी बाळ मागून घेते, मांडीवर घेते, नाव काय ठेवणार विचारते. पुष्कळदा त्या घरात हा प्रश्न तोवर कोणी विचारलेलाच नसतो.

आईच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो. माझं काय चुकलं? आणि तिला तो विचारायला लावणारी माणसं घरातच असतात. ग्रहणात भाजी चिरली होतीस का, पपई खाल्लीस का, पाचव्या महिन्यात लोकलचा प्रवास कशाला केलास. हे सगळं खोटं आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या बाळांत एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं. जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवून दिलं. बहुतेक वेळा ही गोष्ट गर्भ राहण्याच्या वेळीच ठरलेली असते. त्यानंतर आईनं काय खाल्लं, कुठे गेली, याचा तिच्याशी संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण पंचविशीतल्या आयांनाही अशी बाळं होतात. मी हे सासूबाईंच्या देखत सांगते. मुद्दामच.

वडील बहुधा बोलत नाहीत. रात्रभर मोबाइलवर वाचत बसतात आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या काळज्या एका रात्रीत गोळा करतात. त्यांना मी कामाला लावते. पहिलं काम, हृदयाचा टू-डी एको. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि तो वरून दिसेलच असं नाही. बाळ गुटगुटीत आहे, मग कशाला, असं म्हणून हे पुढे ढकलू नये. काही दोषांची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. मग थायरॉइडची रक्ततपासणी, जी पुढेही ठरावीक काळानं करत राहायची. कानांची तपासणी. आणि बाळाचे स्नायू सैल असतात, म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करायची. दाखले, कार्ड, विम्याचे अर्ज हे सगळं सावकाश झालं तरी चालतं. एको मात्र आधी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे, हृदयाचे दोषही आहेत, आणि पुढचे उपचार मोफत मिळावेत अशी त्यात तरतूद आहे. तरीही पालघर जिल्ह्यातल्याच अनेक घरांत मी हे सांगते तेव्हा ते पहिल्यांदा ऐकलेलं असतं. सरकारी दवाखान्यात जाऊन या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

दूध पिताना ही बाळं लवकर दमतात, झोपून जातात. थोडं थोडं, वारंवार पाजावं, हनुवटीला बोटाचा आधार द्यावा, झोपलं तर उठवून पाजावं. माझ्या मुलानं अंगावर नीट प्यायला महिना घेतला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस चालला. आता वाडीतून सोनचाफ्याची फुलं काढून आणतो आणि मोजताना चुकलो की मलाच ओरडतो.

नातेवाइकांसाठी एवढंच. "देवानं तुम्हालाच निवडलं" हे वाक्य मला फार वेळा ऐकावं लागलं आणि एकदाही त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो शेजारच्या कुपारी मावशींचा. त्या सकाळी सातला थोरलीचा डबा घेऊन जायच्या आणि एकोच्या दिवशी माझ्याबरोबर परळपर्यंत आल्या. बाळाची पिशवी त्यांच्या खांद्यावर, बाळ माझ्या. अख्ख्या प्रवासात त्या भाजीच्या भावाविषयी बोलत होत्या.

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याला एका घरी गेले होते. बाळ वीस दिवसांचं. आजी स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. मीच आत गेले. म्हणाल्या, "ताई, बारसं केलं की लोक येणार, बघणार."

"येऊ देत की."

"पण बारावा दिवस तर गेला. आता चालेल?"

"माझ्या मुलाचं तीन महिन्यांनी केलं होतं," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग फळीवरचा हरभऱ्याचा डबा काढला, उघडून पाहिला आणि सुनेला हाक मारून विचारलं, "घुगऱ्यांना एवढे पुरतील का गं?"