लहान कुटुंबाची गॅसची शेगडी

जुनी शेगडी बदलतांना गृहस्थाची दृष्टि प्रथम चकाकीकडे जाते; परंतु शेगडीचें आयुष्य तिच्या बर्नरांत असतें. जड पितळी बर्नर वर्षानुवर्षें ताप सोसतो; पातळ पत्र्याचा लवकर वांकतो. दोघांतिघांच्या घरास दोन बर्नर पुरतात. कांचेचें पृष्ठ पुसण्यास सोपें, पण जड पातेलें आदळल्यास तडकण्याचें भय. स्टेनलेस स्टीलचें पृष्ठ ओरखडे पडूनही टिकतें. भारतीय मानक ४२४६ ची खूण अवश्य पाहावी. त्या मानकानुसार ज्वलनाच्या उष्णतेपैकीं किमान ६८ टक्के भांड्यास पोंचावी लागते. सिलिंडरची शेगडी नळाच्या गॅसवर तशीच लावूं नये. दोहोंचा दाब निराळा, म्हणून जेटचीं छिद्रेंही निराळीं. शेगडीबरोबर नळीही नवी घ्यावी, आणि सुटे भाग गांवांतच मिळतात कीं नाहीं, तें विचारावें.

घरीं ज्योत पाहावी. ती निळी व स्थिर असावी. पिवळी ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण होय. तिनें भांडें काळवंडतें, गॅस वाया जातो, आणि कोंदट स्वयंपाकघरांत कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायु सांचूं शकतो. चकाकी चार महिन्यांची. निळी ज्योत रोजची सोबतीण.